आडवे चर, उभ्या चाकोऱ्या

पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावात २०२१ पासून जीप रँगलर या गाडीची जुळणी होते. तिच्या सर्वांत दणकट प्रकाराच्या बॉनेटवर ‘रुबिकॉन’ अशी ठसठशीत अक्षरे असतात. शोरूममधल्या विक्रेत्याला विचारले तर तो लॉकिंग डिफरन्शियल, गिअरचे गुणोत्तर, चिखलात न रुतणारे टायर हे सगळे घडाघडा सांगेल. रुबिकॉन ही कॅलिफोर्नियातली एक खडकाळ वाट आहे, हेही कदाचित सांगेल. त्याच वाटेसाठी २००९ साली पाण्याच्या कायद्याखाली साफसफाईचा सरकारी हुकूम निघाला होता, ही गोष्ट मात्र माहितीपत्रकात नसते.

सिएरा नेवाडा पर्वतरांगेत लून लेक या जलाशयापासून ही वाट पूर्वेला लेक ताहोच्या दिशेने जाते. मूळची ती तिथल्या आदिवासींची पायवाट. एल डोराडो काउंटीने १८८७ साली तिला सार्वजनिक रस्ता ठरवले. वाटेतल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांपाशी त्या काळी एक हॉटेलही चालत असे. पुढे चांगले रस्ते दुसरीकडून झाले आणि हा रस्ता ओस पडला. १९५३ च्या उन्हाळ्यात जवळच्या जॉर्जटाउनमधल्या लोकांनी, गावात चार पैसे खेळावेत म्हणून, पन्नासेक जीप जमवून या वाटेने सहल काढली. महायुद्ध संपून आठ वर्षे झाली होती, लष्करी जीप बाजारात आल्या होत्या आणि त्यांचे करायचे काय, याचे एक झकास उत्तर लोकांना सापडले. सहल दरवर्षीची झाली. देशभरातून माणसे येऊ लागली, आणि जीप कंपनीने पुढे आपल्या गाडीलाच वाटेचे नाव दिले.

वाटेचा पश्चिमेकडचा भाग रुबिकॉन नदीच्या पाणलोटात येतो. ही नदी ‘अमेरिकन’ नावाच्या नदीच्या एका फाट्याला मिळते आणि ते पाणी खाली सॅक्रामेंटो शहरापर्यंत जाते. वर काय चालते? खडकावर चढताना गाडीचे पोट घासते, ऑइल पॅन फुटते, डिफरन्शियलमधले तेल सांडते. ओढा ओलांडण्याच्या जागी काठ ढासळतात. एकाने खड्डा चुकवायला बाजूने गाडी घातली की मागचा त्याच्याही बाजूने घालतो आणि वाट बघता बघता रुंदावत जाते. बर्फ वितळण्याच्या दिवसांत जमीन पाण्याने तुडुंब असते, तेव्हा गेलेली एक गाडी उन्हाळ्यातल्या कित्येक गाड्यांइतकी माती सैल करते.

आणि माणसे. शेकड्यांनी माणसे मुक्कामाला येणार, पण संडास नाहीत. ग्रॅनाइटच्या कातळावर मातीचा थर इतका पातळ की खड्डा खणून पुरून टाकण्याचीही सोय नाही. स्पायडर लेक नावाच्या एका छोट्या तळ्याच्या काठी इतकी घाण साचली की २००४ साली काउंटीला तिथला मुक्काम बंद करावा लागला. साहसाच्या जाहिरातीत हा भाग कधी येत नाही.

२००९ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅली विभागाच्या पाणी गुणवत्ता मंडळाने हुकूम काढला. वाटेवरून ओढ्यांत जाणारा गाळ, तेल आणि मैला थांबवा, असा त्याचा मतलब. लक्ष देण्यासारखी गोष्ट ही, की हुकूम जीपवाल्यांवर निघाला नाही. त्यांच्या क्लबांवरही नाही. तो निघाला एल डोराडो काउंटी आणि एल डोराडो राष्ट्रीय वन यांच्यावर. रस्ता ज्याचा आणि जमीन ज्याची, त्याला मंडळाने पकडले.

मग चक्रे फिरली. पाणी वाटेवर कुठून येते आणि कुठे उतरते याची पाहणी झाली. दुरुस्तीचा आराखडा आला, जमीन भिजून फुगलेली असेल तेव्हा वाट बंद ठेवण्याची योजना आली. उतारावर पाणी वाटेबाहेर काढणारे उंचवटे घातले गेले, ओढ्यांवर पूल झाले. सांडलेले तेल टिपायचे साहित्य आणि मैला परत न्यायच्या पिशव्या वाटल्या जाऊ लागल्या. यातले बरेचसे काम ‘फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉन’सारख्या संघटनांच्या कार्यकर्त्यांनी, म्हणजे जीपवाल्यांनीच, सुट्टीच्या दिवशी घाम गाळून केले. काही पर्यावरणवाद्यांना वाट कायमची बंद हवी होती. तसे झाले नाही, ती आजही चालू आहे. पण आता ती कोणाची आहे आणि तिच्यावरून वाहणाऱ्या गाळाचा जाब कोणाला विचारायचा, याबद्दल कोणाच्या मनात संशय नाही.

महाराष्ट्रात नेमका याच ठिकाणी अंधार आहे.

खरे तर पाणलोट ही कल्पना या राज्याइतकी क्वचितच कुठे घरोघरी पोचली असेल. १९७२ च्या दुष्काळाने ती शिकवली. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली, अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत आणि पोपटराव पवार यांनी हिवरे बाजारात डोंगरावरचे पाणी अडवले. पुढे ‘जलयुक्त शिवार’ आले. २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी गावेच्या गावे टिकाव, फावडी, घमेली घेऊन भल्या पहाटे डोंगराकडे निघाली. या सगळ्यांचे सूत्र एकच होते: माथा ते पायथा. कामाला हात डोंगराच्या माथ्यावर घालायचा, समपातळीत सलग चर खणायचे आणि उतारावरून पळणाऱ्या पाण्याला जागोजागी थांबवून मातीत मुरवायचे.

चर आडवा असतो. चाकोरी उभी असते. यात गाडीवाल्याचा उद्दामपणा वगैरे काही नाही, ते गाडीचे शास्त्र आहे. चढ चढायचा किंवा उतरायचा तर गाडी उताराच्या सरळ रेषेत ठेवायची, तिरकी घातली तर ती कलंडते, हे ऑफरोडिंगच्या पहिल्या धड्यातच शिकवतात. म्हणजे माणसाच्या जिवाला जी रेषा सुरक्षित, तीच मातीला सर्वांत घातक. कितीही सभ्य, नियम पाळणारा, प्लास्टिकची एक पिशवीही मागे न टाकणारा चालक असो, टेकडीवर तो पाण्यासाठी उभी नाली आखूनच खाली येतो.

पावणेदोन-दोन टनांची गाडी ओल्या मातीवरून गेली की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या दबतात आणि तिथे पाणी मुरणे मंदावते. जागच्या जागी फिरणारे चाक गवत आणि गवताच्या मुळांची जाळी सोलून काढते. न मुरलेले पाणी मग त्या सोललेल्या पट्ट्यावरूनच धावते. यंदा चाकोरी, पुढच्या पावसाळ्यात ओघळ, आणखी काही वर्षांनी घळ. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात जनरल पॅटन यांनी १९४२ साली रणगाड्यांच्या सरावासाठी तळ उभारला होता. तो दोन वर्षांत बंद झाला, पण रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा तिथे आजही दिसतात. तिथे पाऊस जेमतेम, म्हणून खूण बुजत नाही. सह्याद्रीत उलटा प्रकार आहे. महाबळेश्वरात किंवा ताम्हिणीत वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि खूण बुजण्याआधीच पाणी तिला खोल करत नेते. चिखलाची मजाही याच पावसात असते. माती सर्वांत नाजूक आणि गर्दी सर्वांत जास्त, हे दोन्ही जुलैतच.

इथे तारतम्य सोडून चालणार नाही. सह्याद्रीतल्या धरणांत साठलेला गाळ चार जीपवाल्यांनी आणून टाकला, असे कोणी म्हणाले तर ते हास्यास्पद ठरेल. घाटरस्त्यांचे रुंदीकरण, डोंगर कापून पाडलेले प्लॉट, फार्म हाउससाठी जेसीबीने काढलेले रस्ते, दगडखाणी हे त्या बाबतीतले बडे गुन्हेगार आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलताना अनेकांची जीभ का अडखळते, हे उघड गुपित आहे. पण लहान नुकसान कुठे होते, यालाही महत्त्व असते. ऑफरोडिंगवाला डांबरी रस्त्याच्या कडेला रमत नाही. त्याला हवा असतो माथा, पठाराची कड, ओढ्याचा उगम, धरणाच्या फुगवट्याचा उघडा पडलेला गाळाचा काठ. म्हणजे पाणलोटातल्या नेमक्या त्या जागा, जिथे अण्णांपासून पोपटरावांपर्यंत सगळ्यांनी पहिला टिकाव मारायला सांगितला. २०१७ पासून राज्य सरकार ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेवर पैसे खर्च करते आहे. तळाशी गाळ उपसायचा आणि माथ्यावर तो सैल करण्याला मोकळीक द्यायची, असे हे चालले आहे.

किंमत कोण मोजते? शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी मोठी धरणे आहेत. पावसाळ्यात तिथे आभाळ फाटते, आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. धरणाचे पाणी मोठ्या नळांतून मुंबईला जाते, आणि पाड्याला मिळते ते डोंगरात मुरून झऱ्याला, विहिरीला उतरलेले तेवढेच. अशा गावच्या माथ्यावर मुरणारा एक एक हंडा मोलाचा आहे. शनिवार-रविवारी मुंबईहून चिखल खेळायला येणारा माणूस बहुधा याच डोंगरातून आलेल्या पाण्याने सोमवारी आपली गाडी धुतो, आणि त्याच्या नळाला मे महिन्यातही पाणी असते.

सड्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे जांभ्याचे सडे दुरून पाहणाऱ्याला उजाड खडक वाटतात. गाडीवाल्याला ते आयते मैदान वाटते: झाड नाही, कुंपण नाही, शेत नाही, कोणाचे काय बिघडणार? प्रत्यक्षात जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून झिरपते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येते. त्या पाण्यावर खालच्या वाड्यांच्या बागा आणि विहिरी उभ्या असतात. वर मातीचा थर असतो बोटभर, तोही खळग्यांमधून. पावसाळ्यात त्या खळग्यांत उथळ डबकी साचतात आणि गाडी घालून पाण्याचा फवारा उडवायला यासारखी दुसरी जागा नाही.

आंबोलीच्या परिसरात मात्र त्या डबक्यांचे मालक वेगळे आहेत. आंबोली टोड हा आखूड पायांचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला छोटा बेडूक शास्त्राच्या नोंदीत आला तो २००९ साली. तो आंबोली आणि जवळपासचा भाग सोडून जगात कुठेही नाही आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. पहिल्या पावसात कातळावर साचलेल्या अशाच उथळ पाण्यात तो अंडी घालतो. त्याच आंबोलीत हिरण्यकेशी नदी उगम पावते. उगमाच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाचे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे बारसे २०२० साली झाले आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कुंडाला संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. पण कुंडात येणारे पाणी ज्या उतारांवरून येते, ते उतार जाहीरनाम्याच्या हद्दीत बसवणे सरकारी नकाशाला जमत नाही. गढूळ पाणी माशापर्यंत हद्द पाहून येत नाही.

गोव्यातले एक उदाहरण या सगळ्याला थोडे वेगळे वळण देते. कुळे गावातून दूधसागर धबधब्याकडे स्थानिकांच्या जीप जातात. वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते आणि वाटेत गाड्यांना पाण्यात उतरून प्रवाह ओलांडावे लागतात. पर्यटकांसाठी तोच खरा थरार. हे पाणी खाली खांडेपार नदीला मिळते आणि त्या नदीवरच्या ओपा प्रकल्पातून फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांना पिण्याचे पाणी जाते. म्हणजे पणजीत नळ सोडणाऱ्याचा या जीपशी अगदी थेट संबंध आहे. कागदावर हे उदाहरण भीतीदायक वाटते. पण तुलनेने पाहिले तर तिथे काही गोष्टी जागेवर आहेत: ठरलेली एकच वाट, नोंदणी झालेल्या गाड्या, वनखात्याचे प्रवेशशुल्क आणि पावसाळ्यात वाहतूक बंद. पैसा कुळ्याच्या घरांत जातो, त्यामुळे वाट टिकावी ही गरज गावाचीही असते. तेल गळणाऱ्या जुन्या गाड्यांची तपासणी, वाहत्या पाण्यावर पूल, फेऱ्यांवर कडक मर्यादा यासाठी गोवा सरकारच्या मागे लागायला हवेच. तरीही, सुधारायला निदान काहीतरी व्यवस्था तिथे अस्तित्वात आहे.

त्याच गोव्यात २०१४ पासून ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या मूळच्या मलेशियन स्पर्धेची भारतीय आवृत्ती होते, आणि ती मुद्दाम भर पावसाळ्यात होते. विंच, स्नॉर्कल, मातीत गाडलेली चाके आणि चिखलाने माखलेले चेहरे हे तिचे आकर्षण. चालकांचे कौशल्य निर्विवाद आहे. स्पर्धेला एक आयोजक असतो, परवानगी असते, आखलेले ट्रॅक असतात, जबाबदारी टाकायला एक नाव असते. खरा प्रश्न त्या स्पर्धेच्या चित्रफिती पाहून पुढच्या रविवारी मुळशीच्या, पवनेच्या, वैतरणेच्या काठावर स्वतःचा ट्रॅक आखणाऱ्यांचा आहे. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्राची नवी थार २०२० साली बाजारात आली आणि चारही चाकांना जोर देणारी गाडी हौशी मंडळींपुरती न राहता मध्यमवर्गीय सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पोचली. गाडीची जाहिरात डांबरावर होत नाही. ओढ्यात पाणी उडवणारी गाडी दाखवून ती विकायची आणि घेणाऱ्याने ओढ्यात घातली की ‘बेजबाबदार पर्यटक’ म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडायची, हा थोडा दुटप्पीपणाच आहे.

कायदा काय करतो? बहुतेक वेळा तो चित्रफीत पसरण्याची वाट पाहतो. २०२२ मध्ये लडाखच्या पँगाँग तलावात गाडी पळवल्याची चित्रफीत फिरली, मग आरडाओरडा झाला. २०२३ च्या नाताळात लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेणाऱ्याचे पोलिसांनी चलान फाडले, तेही मोटार वाहन कायद्याखाली. आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली आणि लगेच पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर निर्बंध आले. माणसे बुडू नयेत म्हणून बंदी घालणे योग्यच. पण माती बुडते म्हणून कधी बंदी आल्याचे ऐकिवात नाही. राखीव वनात बेकायदा घुसणे भारतीय वन अधिनियमाने १९२७ पासून गुन्हा आहे, अभयारण्यात परवानगीशिवाय जाणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. पण घाटमाथ्यावरचे एखादे पठार घ्या. अर्धे वनखात्याचे, काही महसूलचे गायरान, काही मुंबई-पुण्याच्या कोणा गुंतवणूकदाराने घेतलेले, आणि खालचा उघडा काठ जलसंपदा विभागाचा किंवा वीज कंपनीचा. चाकोरी या चारही हद्दी एका दमात ओलांडते. तक्रार घेऊन गेलेल्या सरपंचाला प्रत्येक कार्यालयात एकच उत्तर मिळते: हे आमच्याकडे येत नाही.

म्हणून चालकांना दंड करण्याच्या मागे लागून काही साधणार नाही. पोलीस प्रत्येक टेकडीवर उभा राहू शकत नाही आणि पाचशे-हजाराचा दंड हा वीस लाखांची गाडी घेणाऱ्याला चहापाण्याचा खर्च आहे. पाणलोट वाचवायचा तर वाटेला मालक हवा आणि त्या मालकाला जाब देणे भाग पाडायला हवे.

अमेरिकेलाही हे एका रात्रीत सुचले नाही. अध्यक्ष निक्सन यांनी १९७२ च्या फेब्रुवारीत काढलेल्या आदेशात केंद्र सरकारच्या जमिनींवर अशा गाड्यांसाठी जागा आणि वाटा ठरवून द्या, आणि त्या ठरवताना माती, पाणलोट, झाडोरा यांचे नुकसान कमीत कमी राहील असे पाहा, असे म्हटले होते. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्याला धार लावली: जिथे मोठे नुकसान होत असेल तिथे वाट ताबडतोब बंद करा. तरी अंमलबजावणी रेंगाळली ती रेंगाळलीच. अखेर २००५ मध्ये तिथल्या वनसेवेने नियमच उलटा केला. तोवर बऱ्याच ठिकाणी ‘बंद असे लिहिलेले नाही, म्हणजे चालते’ असा हिशेब होता. तो बदलून ‘नकाशावर खुली दाखवलेली नाही, म्हणजे बंद’ असा झाला. सिद्ध करण्याचे ओझे डोंगरावरून उचलून गाडीवर ठेवले गेले.

महाराष्ट्राला हाच उलटा नियम हवा आहे, आणि त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायचीही गरज नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला पाणलोट क्षेत्रे, पाण्याचे स्रोत आणि पर्यावरणदृष्ट्या नाजूक जागा सांभाळण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी ठराव करून माथ्यावरच्या वाटा बंद केल्या, किंवा एखादी निवडक वाट शुल्क घेऊन कोरड्या दिवसांत खुली ठेवली, तर ती दादागिरी ठरत नाही. जिथे असे हक्क नाहीत तिथे जिल्हाधिकारी, वनखाते आणि जलसंपदा विभाग यांनी मिळून तालुक्याचा एकच नकाशा काढावा. त्यावर खुल्या वाटा दाखवाव्यात, प्रत्येक वाटेपुढे जबाबदार कार्यालयाचे नाव लिहावे, आणि जून ते सप्टेंबर ओढ्यांच्या उगमांकडे जाणारे सगळे रस्ते बंद ठेवावेत.

यावर ऑफरोडिंगवाल्यांचे म्हणणे ऐकायला हवे, कारण त्यात तथ्य आहे. बंगल्यांसाठी डोंगर कापणाऱ्यांना परवानग्या मिळतात आणि आम्हाला हाकलता, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. २०१८ च्या केरळच्या महापुरात जिथे बाकी गाड्या अडकल्या तिथे याच मंडळींच्या गाड्यांनी माणसे बाहेर काढली, औषधे पोचवली. हे कौशल्य समाजाला लागते आणि ते चिखलात उतरल्याशिवाय येत नाही. पण त्यासाठी नदीचा उगमच कशाला हवा? इगतपुरीजवळ महिंद्राचे ऑफरोड प्रशिक्षण केंद्र कुंपणाच्या आत चढ, खड्डे, चिखल, पाणी सगळे शिकवते. पुण्या-मुंबईभोवती काम संपलेल्या दगडखाणी कमी नाहीत. पाणी बाहेर पडू न देता तिथल्या तिथे गाळ खाली बसवण्याची सोय करून त्यातल्या दोन-चार खाणी या खेळासाठी दिल्या, तर चढही मिळेल आणि चिखलही. इलेक्ट्रिक गाड्या आल्या की प्रश्न सुटेल, या भरवशावर मात्र कोणी राहू नये. धूर जाईल, तेलाची गळतीही कमी होईल, पण बॅटरीमुळे गाडीचे वजन वाढते आणि मातीला दाबते ते वजनच.

पैशाची सबब पुढे येईल. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांच्या नोंदणीचे शुल्क आणि इंधन करातला काही हिस्सा एका वेगळ्या निधीत जातो, त्यातून वाटांची देखभाल होते, आणि माती राखण्याची मानके पाळल्याशिवाय अनुदान मिळत नाही. महाराष्ट्रात प्रत्येक फोर बाय फोर गाडीच्या नोंदणीवर हजार-दोन हजार रुपये जादा घेऊन ते पाणलोट विकासाच्या खात्यात टाकले, तर गाडी घेणाऱ्याच्या हप्त्यात फरकही दिसणार नाही. गावपातळीवर व्यवस्था कशी बसवायची याचा नमुनाही राज्यात आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली असते, आधी नोंदणी करावी लागते, गाड्या लांबच्या वाहनतळावर उभ्या राहतात, आणि शुल्क गोळा करण्याचे व राखणीचे काम भोवतालच्या गावांची समिती वनखात्याबरोबर करते. त्या समितीच्या कारभारावर टीका होते, वाद होतात, पण पठारावर कोणी वाटेल तशी गाडी घालू शकत नाही. सातारा शहराला पाणी देणारा कास तलाव त्याच पठाराच्या कुशीत आहे. व्यवस्था आली ती फुलांसाठी, तलावाला फायदा झाला तो योगायोगाने. मुळशी, वेल्हे, इगतपुरी, शहापूर, आंबोली इथल्या पठारांवर अशी फुले नसतील, तरी समिती, फाटक आणि चार राखणदार नेमायला फुलांची अट कोणत्याही नियमात घातलेली नाही. वनखात्याने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी मार्चमध्ये बैठक लावली, तर मेअखेर फाटके बसू शकतात, पावसाळ्याची पहिली सर पडायच्या आत.